विषय: नॅस बॉक्सचा कर्नल अजून 2021 चाच असल्याबाबत, चौथ्यांदा

धरमपेठ, नागपूर
मे 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

महोदय,

दहा मिनिटांपूर्वी तुमच्या माणसाने माझा फोन मध्येच ठेवला, म्हणून हे पत्र.

ऑगस्ट 2023 मध्ये सीताबर्डीच्या विक्रेत्याकडून तुमचा चार डिस्कचा नॅस बॉक्स घेतला, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या फाइली नेटवर्कवर एका जागी ठेवणारा डबा. खोक्यावर ‘पाच वर्षं सुरक्षा अपडेट’ असं ठळक छापलंय. खोका जपून ठेवलाय. आतला कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, 5.10.43, 2021 चा. त्यात ‘डर्टी पाइप’ नावाचा सुरक्षा-दोष आहे, तो काय हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याला फाइल फक्त वाचायची परवानगी आहे, तो तिच्यात लिहू शकतो, अगदी पासवर्डच्या फाइलमध्येही. 5.10 सिरीजमध्ये त्याची दुरुस्ती 5.10.102 ला आली, फेब्रुवारी 2022 मध्ये. मी पैसे मोजले तेव्हा औषध दीड वर्षापासून फुकट मिळत होतं, आणि तुम्ही मला डबा रोगासकट विकलात.

या मार्चमध्ये तुमची ‘महत्त्वाची सुरक्षा सुधारणा’ आली. बॉक्स रीस्टार्ट झाल्यावर टर्मिनलवर बघितलं: 5.10.43. लॉगिनचं पान मात्र निळ्याचं हिरवं झालं होतं. छान दिसतं.

आता आजचं बोलणं. आधीच्या पोराने पंचवीस मिनिटं संगीत ऐकवून ‘सिनियर’ला जोडून दिलं. त्यांना आवृत्तीचे आकडे सांगितले. ते म्हणाले, “अँटिव्हायरस टाका.” मी म्हटलं, दोष कर्नलमध्ये आहे, अँटिव्हायरस त्याच कर्नलच्या जिवावर चालतो. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “काका, बॉक्स कुठे आहे?” म्हटलं, नागपूरला. त्यावर हसले. खरंच हसले. “अहो काका, नागपुरात तुमच्याकडे कोण येतंय हॅक करायला? आणि हा दोष वापरायला आधी आत शिरावं लागतं.” मी म्हटलं, मंग अपडेटचं कायले छापलं बावा खोक्यावर? यावर फोन बंद.

आत शिरावं लागतं, मान्य. पण मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. माझ्याकडे सात आर्टिकल्स, म्हणजे शिकाऊ सीए, काम करतात, दरवर्षी काही जातात, काही येतात, आणि प्रत्येकाचं बॉक्सवर लॉगिन आहे. पोरं चांगली आहेत. पण त्यातल्या एकाचा पासवर्ड बाहेर गेला तरी चोर आतच आहे, आणि आत तीनशे अशिलांचे ताळेबंद आहेत. इतवारीतल्या व्यापाऱ्याला मी काय सांगू, नागपुरात कोणी येत नाही म्हणून?

हा दोष सापडला कसा, तेही तुमच्या सिनियरांना ऐकवा. प्रोग्रॅमर मॅक्स केलरमन यांच्याकडे एका ग्राहकाची तक्रार आली होती की लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या, फाइली खराब निघतात. पहिल्यांदा त्यांनीही फाइल दुरुस्त करून तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद केलं. पण तोच घोळ पुन्हा पुन्हा झाला, तेव्हा सोडून दिलं नाही. खराब बाइट मोजत मोजत ते थेट कर्नलपर्यंत पोचले. माझी तीन तिकिटं तुम्ही ‘ग्राहक समाधानी’ लिहून बंद केलीत.

तुम्हाला दुरुस्ती लिहायचीही नाही. 5.10 सिरीज अजून चालू आहे, डिसेंबर 2026 पर्यंत तिला सुधारणा मिळणार आहेत. त्या घ्यायच्या, आपल्या बॉक्सवर तपासायच्या आणि पाठवायच्या, एवढंच तुमचं काम, आणि त्याचेच पैसे घेतलेत. ‘आकडा तोच ठेवून आम्ही पॅच बॅकपोर्ट केलेत’, म्हणजे नव्या दुरुस्त्या जुन्या कर्नलमध्ये बसवल्यात, असं म्हणणार असाल, तर कोणते केले त्याची यादी द्या. कर्नलचा सोर्स कोडही पाठवा. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली वाटलं जातं, त्याखाली तो मागायचा मला हक्क आहे, तुमच्या मेहरबानीचा प्रश्न नाही.

पंधरा दिवसांत नवा कर्नल नाहीतर पूर्ण पैसे. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात भेटू, इथेच, नागपुरात, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला माझ्या गावी तक्रार करता येते. स्वयंरोजगाराला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, तेव्हा ती पळवाट शोधू नका. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेलाही कळवतोय. माझ्या शब्दावर तुमचे बॉक्स घेणारे आणखी चार सीए आहेत, त्यांना तर आजच सांगितलं.

आणि हो, लॉगिनचं पान पुन्हा निळं केलं तरी चालेल.

आपला,
तीन वेळा समाधानी झालेला ग्राहक

ता.क. बॉक्स न्यायला माणूस पाठवणार असाल तर सकाळी दहाच्या आत पाठवा. मे महिना आहे, दुपारी पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.