दोनच बॉक्स आणणाऱ्या अण्णांना

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या छोट्या हॉलमधल्या बँडच्या कार्यक्रमाचा साउंड तुम्ही सांभाळलात, त्याचे फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही 'बरं बरं, ठेव आता' म्हणता आणि कट करता. म्हणून हे जाहीर पत्र. तुमच्या धाकट्याला सांगून ठेवलंय, तो मोठ्यानं वाचून दाखवेल. आता उठून जाऊ नका.

बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिलं की सगळं बोलणं त्यांच्याकडे वळतं, आणि हे पत्र तुमचं आहे. कॉलेजपासून त्यांची गाणी मी कानात घालून फिरले आहे, रंकाळ्याच्या फेऱ्यांत, पुण्याच्या एसटीत. प्रत्यक्ष ऐकलं होतं ते पुण्यातल्या एका मोठ्या मैदानावर, पार मागच्या कठड्याला टेकून. तिथं पडद्यावर ड्रमची काठी खाली यायची आणि ठोका मागनं यायचा. शंभर मीटर कापायला आवाजाला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो, हे गणित मला तुम्ही समजावलंत. तेव्हा मला वाटलं होतं, पडद्याचंच काहीतरी बिघडलंय.

ते कोल्हापुरात यायला तयार झाले तेव्हा आमच्याकडे जागा नव्हती. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हापासून गावात कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाचं गणित विस्कटलं होतं. ज्या हॉलवर आमची भिस्त होती तोही ऐनवेळी हातचा गेला. उरला राजारामपुरीतला तो पहिल्या मजल्यावरचा हॉल. बारसं, साखरपुडा, भिशी यांच्यासाठी बांधलेला. खाली चकचकीत फरशी, एका बाजूला काचेच्या खिडक्या, वर पत्र्याचं छत. शंभर-सव्वाशे माणसं दाटीवाटीनं बसतील एवढाच.

आणि बँडकडून आलेली सामानाची यादी होती मैदानाची. किती टॉप म्हणजे वरचे स्पीकर, किती सब म्हणजे खर्जाचे स्पीकर, प्रत्येक ड्रमला वेगळा माईक. तुम्ही चष्मा लावून ती वाचलीत, हॉलमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवलीत आणि कान देऊन थांबलात. मग म्हणालात, "पोरी, ह्या खोलीत ड्रम नुसता वाजला तरी पुष्कळ हाय. ह्यो सगळा माल लावला तर गाणं न्हाई, गोंगाट ऐकाल."

आपल्या गावात साउंडवाल्याची पत भिंतीच्या उंचीवर ठरते. गणपतीच्या मिरवणुकीत कुणाचा डॉल्बी किती थरांचा, यावर पोरं पैजा लावतात. तुम्हीही त्या भिंती लावल्या आहेत, आणि तुमच्या गोदामात अजून काय काय आहे ते मी पाहिलंय. अशा माणसानं स्पीकरचे दोनच बॉक्स आणि एक सब टेम्पोतून उतरवायचे, तेही बाहेरगावच्या नावाजलेल्या बँडसाठी, ही हिंमतच म्हणायची. पैसेही कमी मिळणार होते. ते तुम्ही बोलला नाहीत, मीच बोलते.

बँडच्या साउंड इंजिनिअरशी तुमचं फोनवर जे झालं ते मला शेजारी बसून ऐकायला मिळालं. तो इंग्रजीत, तुम्ही कोल्हापुरीत. तरी दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं! ड्रमला एकच माईक, तोही किकला, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला. गिटारचा अँप, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारी पेटी, लोकांवर रोखायचा नाही, आडवा, वादकाच्याच गुडघ्याकडं वळवायचा. मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, त्याच्या माईकच्या बरोबर पाठीमागच्या बाजूला, कारण तिकडून माईक कमीत कमी ऐकतो, मग शिट्टी मारत नाही. ड्रमरनं जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या वापरायच्या. तो इंजिनिअर शेवटी हसला आणि म्हणाला, अण्णा म्हणतात तसंच करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमची पोरं मंडपवाल्याकडून गाद्या आणि जाड सतरंज्या घेऊन आली. त्या काचांवर आणि मागच्या भिंतीवर टांगल्या. हॉलचा मालक जिन्यातून ओरडत आला, "लगीन हाय काय?" तुम्ही त्यालाच टाळी वाजवायला लावलीत. सकाळी जी टाळी पत्र्यावरनं झणझणत परत यायची ती आता जागच्या जागी विझली. तो गप्प खाली गेला आणि चहा पाठवला. सब कोपऱ्यातून काढून पुढं ओढायलाही तुम्हीच लावलात. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि नुसता घूं घूं होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मिक्सर आणि गिटारचे अँप विजेच्या एकाच बोर्डावरून घेतलेत, तशी ती खालच्या सुरातली हम्म गेली. चाचणीच्या वेळी हॉल जरा खणखणीतच वाटत होता. तुम्ही म्हणालात, माणसं बसली की उतरेल, अंगावरची कापडं आवाज पितात. तसंच झालं.

संध्याकाळी स्टेज नव्हतंच. एक जाजम, त्यावर ते चौघं, आणि हातभर अंतरावर आम्ही मांडी घालून. मी बासवाल्याच्या अगदी समोर होते. तारेवर बोट सरकतं त्याची बारीक चरचर ऐकू येत होती. इतकी वर्षं जी गाणी मी पाठ म्हणते, त्यांत मागं एक दुसरी गिटार सतत हळू बोलत असते, हे मला त्या रात्री कळलं. शब्द तर लख्ख. तुम्ही बॉक्स उंच न टांगता गायकाच्या दोन्ही बाजूंना, त्याच्या डोक्याच्या पातळीवर ठेवले होते. का विचारलं तर म्हणालात, "तोंड दिसतंय तिथं आवाज तोंडातनंच आला पाहिजे."

मधेच गायकानं माईक बाजूला सारला. ठरलेलं नव्हतं. त्यानं तुमच्याकडं नुसतं बघितलं आणि तुम्ही मिक्सरवरचे सगळे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे खटके, खाली ओढून खुर्चीवरून उठलात. अख्खं गाणं बिनमाईकचं झालं, ड्रमर मांडीवर ठेका धरून, गिटारवाला तारा जेमतेम छेडत. शेवटच्या रांगेतल्या माझ्या आईला शब्दन् शब्द ऐकू आला. तिला रॉक म्हणजे आदळआपट वाटते, अजूनही वाटते, पण ते एक गाणं ती भाकऱ्या थापताना गुणगुणते.

कोल्हापूरला हे नवं नाही म्हणा. गाण्याची जुनी संस्था देवल क्लब १८८३ पासूनची. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायले तेव्हा माईक कुठं होता? केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं, तेही माईकच्या आधीच. तुमचे वडील तिथं पडदा ओढायचे हे तुम्ही गाद्या उतरवताना सहज बोलून गेलात. मग कुठं मला टाळीचा अर्थ लागला. बड्या साउंडची हौस आपल्याला लागली, पण कानानं जागा ओळखणारी माणसं गावात आधीपासून आहेत, आणि त्यांना कुणी विचारत नाही. बँड आला की पोस्टरवर बँड, प्रायोजक, हॉल. साउंड कुणाचा, ते कधीच नसतं. पुढच्या वेळी असेल, ते आम्ही ठरवलंय.

दहाच्या ठोक्याला तुम्ही मिक्सर बंद केलात आणि 'आणखी एक, आणखी एक' म्हणणाऱ्यांना हात जोडलेत. तेही बरं केलंत, खालच्या मजल्यावर दहावीची पोरगी आहे.

आता हिशेब. तुमच्या बिलात गाद्या वाहणाऱ्या पोरांची हमाली लावलेली नाही. ती आम्ही परस्पर त्यांना दिली आहे, परत पाठवू नका. गुरुवारी दुकानावर येते. मिक्सर शिकवायचं तुम्ही सगळ्यांसमोर कबूल केलंय, साक्षीदार आहेत.

तुमची,
बासवाल्यासमोर बसलेली