शिडी मी घेऊन गेले आहे

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

बाबा, दादाकडून परत आलात की सामान आत टाकायच्या आधी तुम्ही मागच्या अंगणात जाल, कॅम्परवरचं, म्हणजे आपल्या सहलीच्या चाकांवरच्या घरावरचं, नवं करडं कव्हर बघाल आणि मला फोन लावाल, हे ठाऊक आहे. म्हणून आधीच लिहून ठेवते. फोनवर तिसऱ्या वाक्याला तुमचं "राहू दे, मी बघतो" येतं आणि विषय तिथेच मिटतो. कागदावर निदान माझं सगळं बोलून होईल.

तर, कॅम्पर थंडीसाठी बंद करून झाला. तुमच्या वहीतल्या क्रमानेच सगळं केलं. तीन-चार ठिकाणी मात्र तुमचं ऐकलं नाही.

सर्वांत आधी पाणी. शेवटच्या सहलीवरून येतानाच तुम्ही मैल्याची आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करून धुतली होतीत, त्यामुळे ते घाणीचं काम वाचलं. पिण्याच्या पाण्याची टाकी, खालचे दोन्ही ड्रेन आणि आतले सगळे नळ मी उघडे सोडले. गीझर आदल्या दिवशीच बंद केला होता. तो गरम असताना, आत दाब असताना प्लग काढला तर ऊन पाणी थेट तोंडावर येतं, म्हणून आधी वरची सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून दाब सोडला आणि मगच खालचा प्लग फिरवला. प्लगबरोबर अ‍ॅनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी, बाहेर आला. बाबा, तो तुम्ही बघायला हवा होता. वरच्या बाजूला अजून बोटभर जाड आहे, पण मधला भाग खाऊन खाऊन आतली पोलादी तार उघडी पडली आहे आणि टोकाला नुसते पांढरट खडे चिकटलेत. म्हणजे त्याने त्याचं काम चोख केलं. तो झिजतो म्हणून टाकी वाचते. तीन-चतुर्थांश गेला की बदलायचा असतो, हा तर त्याच्याही पलीकडे गेला आहे. नवा आता नको, टाकी कोरडीच राहणार आहे. थंडी सरली की बसवू.

आता पहिला मतभेद. तुम्ही इतकी वर्षं फक्त कॉम्प्रेसरने पाईप फुंकून घेत आलात आणि काही फुटलं नाही, हे मान्य. मीही आधी फुंकलंच, दाब ४० पीएसआयच्या आत ठेवून. त्याहून जास्त दाबाने ते प्लास्टिकचे जोड दगा देऊ शकतात. पण हवा सरळ पाईपातलं पाणी ढकलते आणि खोलगट वळणात साचलेल्या पाण्याच्या डोक्यावरून निघून जाते. पंपाच्या पोटात, नळाच्या आतल्या कप्प्यात, बाहेरच्या शॉवरच्या मुठीत थोडं थोडं उरतंच. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि तिथे त्याला फुगायला जागा नसते. वाईट म्हणजे फुटलेलं तेव्हा कळतही नाही. जिथे भेग पडली तिथे बर्फाचंच बूच बसलेलं असतं. उन्हाळ्यात पंप चालू केला की मग भिंतीच्या आतून झुळझुळ ऐकू येते.

म्हणून मी पाईपांत गुलाबी अँटिफ्रीझही, म्हणजे गोठून पाईप न फोडणारं द्रव, भरलं. गीझर बायपास केला, म्हणजे त्याला वगळून वाट दिली, नाहीतर सहा गॅलन, म्हणजे जवळजवळ २३ लिटर नुसतं त्याच्याच पोटात गेलं असतं. फिल्टरचं काडतूस काढलं, पंपाची ओढनळी डब्यात सोडली आणि पंपाला जवळ असलेल्या नळापासून सुरुवात केली. आधी नळ फुरफुरतो, हवा आणि पाणी आळीपाळीने थुंकतो, मग फेसाळ फिकट गुलाबी येतं, मग एकदम गडद धार लागते. तशी धार आली की बंद करायचा आणि पुढच्याकडे जायचं. गरम बाजू वेगळी, थंड वेगळी. संडासाचं पेडल दाबून भांड्यातही तो रंग उतरू दिला. बाहेरचा शॉवर सगळेच विसरतात, आणि थंडीत फुटतो तोही बहुतेक तोच. शेवटी सिंकच्या आणि मोरीच्या खालच्या वळणात कपभर ओतलं.

डब्यावर उणे ५० फॅरनहाइट लिहिलंय, म्हणजे उणे ४५ सेल्सिअसच्या आसपास. ते पाईप न फुटण्याचं तापमान आहे. त्याच्या कितीतरी आधी ते आत घट्ट होतं, पण गोळा न होता किसासारखं होतं आणि पाईपावर जोर देत नाही. घेताना लेबल वाचून प्रोपिलीन ग्लायकॉलचं घेतलं. अल्कोहोलवाली स्वस्त जात रबरी वॉशर सुकवते. आणि गॅरेजमध्ये इंजिनचा जो हिरवा कूलंट पडलाय तो यात चुकूनही घालायचा नाही. तो एथिलीन ग्लायकॉल, विष आहे, आणि चवीला गोड, म्हणून आणखी धोक्याचा. तो डबा मी वरच्या फळीवर सरकवला आहे.

बॅटरीचं फार काही नाही. ऋण तार आधी सोडली, मग धन, आणि बॅटरी गॅरेजमध्ये आणून पूर्ण चार्ज केली. जागेवर ठेवली असती तर गॅस डिटेक्टर आणि रेडिओ तिला हळूहळू पीत राहिले असते, आणि उतरलेली बॅटरी शून्याखाली काही अंशांतच गोठते. भरलेली मात्र उणे ५० सेल्सिअसला सुद्धा तग धरते. महिन्यातून एकदा मीटर लावून बघा. १२.६ व्होल्टच्या पुढे असेल तर हात लावू नका, १२.४ च्या खाली गेली तर रात्रभर चार्जरवर ठेवा. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली म्हणून ओरडू नका. जमीन बॅटरी खाते हे जुन्या खोक्यांच्या काळातलं खरं होतं, आताच्या प्लास्टिकच्या खोक्याला काही होत नाही. तुम्ही लिथियमचं विचारत होतात. घेऊ, पण घाई नको. ती शून्याखाली चार्ज करायची नसते, केली तर आतून खराब होते, म्हणजे तिच्या चार्जरचा वेगळा विचार करावा लागेल.

सिलिंडर बंद करून, तोंडाला टोपी लावून बाहेरच्या कोपऱ्यात उभे आहेत. गॅरेजमध्ये नेऊ नका. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचून राहतो.

आई, आतलं सगळं तुझ्या मनासारखं झालंय असं धरून चाल. खाण्याचा दाणाही ठेवला नाही. साबण आणि टूथपेस्टसुद्धा काढली, उंदरांना तेही चालतं. गाद्या उभ्या केल्या, उशा-पांघरुणं घरात आणली, कपाटांची आणि फ्रिजची दारं उघडी ठेवली. फ्रिजच्या दारात टॉवेलची गुंडाळी अडकवली आहे, ती "कोणी विसरलं वाटतं" म्हणून काढू नकोस. बंद फ्रिजमध्ये बुरशी धरली की तो वास जन्मात जात नाही. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मुद्दाम सिंकमध्ये आणि मोरीत ठेवलेत. ते हवेतलं पाणी ओढून भरतात, आणि सांडले तर ते खारट पाणी लाकडाला आणि धातूला लागायला नको.

उंदरांसाठी मी कॅम्परखाली आडवी होऊन अर्धी दुपार घालवली. सहा-सात मिलिमीटरचं भोक, म्हणजे पेन्सिल जाईल एवढं, लहान उंदराला पुरतं. टॉर्च आत चालू ठेवून बाहेरून अंधारात बघितलं की कुठून उजेड येतो ते दिसतं. गॅसचा पाईप आत जातो तिथे आणि विजेच्या केबलच्या झाकणापाशी दिसला. दोन्हीकडे स्टील वूल कोंबून वर सीलंट लावलं. नुसता फोम ते कुरतडून काढतात. डांबरगोळ्या ठेवल्या नाहीत, त्याबद्दल रागावू नकोस. उंदीर त्यांना किती भितात ते सोड, पुढच्या सहलीत गाद्यांच्या वासाने आपणच बाहेर झोपू. विषही नाही. उंदीर ते खाऊन भिंतीच्या आत जाऊन मरतो आणि मग तो कुठे आहे हे फक्त नाकालाच कळतं. सापळे लावलेत, दोन दारापाशी आणि एक सिंकखाली. तेवढे बघत जा, किंवा बाबांना बघायला लाव.

आता छत. यावरच आपलं वाजणार आहे, म्हणून जरा सविस्तर.

फळी टाकून, तिच्यावर गुडघे टेकून मी सगळं छत हाताने चाचपून आले. रबराचा पत्रा चांगला आहे. व्हेंटच्या, म्हणजे छतातल्या हवेच्या झरोक्याच्या, भोवती आणि पुढच्या कडेला सीलंटला केसासारख्या भेगा होत्या. वाळलेले पोपडे काढून, पुसून, वर नवं पसरणारं सीलंट घातलं. हे थंडी पडायच्या आतच करायला हवं होतं, गारठ्यात ते नीट धरत नाही. केसाएवढ्या भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठून भेग रुंद करतं, दिवसा वितळून आणखी आत जातं, आणि असं थंडीभर चालतं. बाहेरून काही दिसत नाही, आतली प्लायवूड मात्र सडत जाते. तुम्ही ठेवलेली सिलिकॉनची ट्यूब वापरली नाही. सिलिकॉन त्या रबराला नीट चिकटत नाही आणि एकदा लावलं की त्याच्यावर दुसरं काही धरत नाही.

निळी ताडपत्री घडी करून ठेवली आहे, फेकली नाही. पण ती कॅम्परवर परत घालू नका. ताडपत्रीखाली हवा खेळत नाही, आतून घाम सुटतो, आणि वाऱ्यात ती फडफडून रंग घासते. डाव्या कोपऱ्यावरचा पांढुरका पट्टा त्याचाच आहे. कापडी कव्हर श्वास घेतं. कव्हर घालण्याआधी छताच्या पन्हळीच्या टोकांना आणि अँटेनाला जुनी टॉवेलं बांधली, नाहीतर तिथेच पहिलं फाटतं.

आणि शिडी मी माझ्या गाडीवर बांधून घेऊन गेले आहे. गॅरेजमध्ये शोधू नका. शेजाऱ्यांकडे मागूही नका, मी त्यांना सांगून ठेवलंय. मागच्या थंडीत गुडघ्याचं दुखणं असताना, निसरड्या छतावर, तेही आई झोपलेली असताना तुम्ही बर्फ काढायला चढला होतात. हे मला आईने सांगितलं नाही, तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत. ताजा भुसभुशीत बर्फ हलका असतो, वीतभर पडला तरी छताला काही होत नाही. भीती ओल्या, दाबून बसलेल्या बर्फाची. तसा साठला तर लांब दांड्याचा मऊ ब्रश दाराशी ठेवलाय, खाली उभं राहून जेवढा ओढता येईल तेवढा ओढा आणि मला फोन करा. मी येईन. न ओढलेला बर्फ छताने सोसला नाही तर छत दुरुस्त करता येतं.

टायरांचं आटोपतं घेते. कडेवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत हवा भरली, गारठ्यात दाब उतरतोच. खाली फळ्या, वर झाकणं, चाकांना दोन्हीकडून ठोकळे. टायरवरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. कडेचे शेवटचे चार आकडे २३१९ आहेत, म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. कॅम्परचे टायर झिजून नाही, वय होऊन फुटतात, आणि पाच-सात वर्षं ही त्यांची उमर. पुढच्या सहलीआधी चारही नवे. यावर घासाघीस नको.

तुमच्यासाठी काम ठेवलंय, नाही असं नाही. महिन्यातून एकदा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर किंवा बर्फ वितळल्यावर, आत जा. दार उघडल्या उघडल्या वास घ्या, ओल आधी नाकाला कळते. मग छताचे चारही कोपरे आणि व्हेंटच्या भोवतालचा भाग तळव्याने दाबून बघा. कुठे मऊ लागलं तर तिथे पेन्सिलीने खूण आणि तारीख. ओलीचे डबे रिकामे करा, सापळे बघा, बॅटरीला मीटर लावा. सगळं वहीत लिहा, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा वाचनीय आहे.

थंडी सरली की मी येते. पाईप धुवायचे, मग टाकीत ब्लीच घालून निर्जंतुक करायची (१५ गॅलनला पाव कप), काही तास ठेवून वास जाईपर्यंत पुन्हा धुवायची. गॅसच्या बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात, तेही बघायला हवं. हे दोघांनी मिळून करू.

एक काम लगेच करा. गीझरचा प्लग काढायला मी माझा पाना वापरला, पण तुमच्याकडे १-१/१६ इंची सॉकेट होता ना? तो पेटीत सापडला नाही. कुठे ठेवलाय ते आणि अ‍ॅनोड रॉड मागच्या वेळी कुठल्या लांबीचा घेतला होता ते, दोन्ही वहीत बघून कळवा. आणि आई, बाबा "लागला नाही फोन" म्हणाले तर तू लाव.

तुमची,
मीनू