पाचवीचं नाव राहिलं की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या रविवारी तुमच्या पेपरात खेळाच्या पानावर जपानच्या कर्लिंगवाल्या मुलींवर (बर्फावर जड दगड सरकवत नेऊन गोलात थांबवायचे, तो खेळ) चांगलं अर्धं पान आलेलं, वाचून बरं वाटलं, नाहीतर क्रिकेट सोडून दुसऱ्या कुठल्या खेळाला एवढी जागा मिळते का आपल्याकडे. फक्त एक गोष्ट खटकली. 2018 च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकचा फोटो छापलात, गळ्यात ब्राँझ मेडल घातलेल्या मुली, आणि खाली नावं चार. फोटोत मुली पाच आहेत हो! मी चष्मा पुसून दोनदा मोजल्या. जिचं नाव राहिलं ना, तिनेच ती टीम काढलीय.

मारी मोतोहाशी. जन्म 1986 चा, गाव तोकोरो. हे जपानच्या उत्तरेच्या होक्काइदो बेटावर, पार वर ओखोत्स्क समुद्राच्या कडेला, हिवाळ्यात समुद्रावर बर्फाच्या लाद्या तरंगत येतात असलं ठिकाण, आता ते कितामी शहरात धरतात पण वस्ती चारेक हजाराचीच. मासेमारी, शिंपले, शेती, संपलं. तिथे 1980 च्या सुमारास युजी ओगुरी नावाच्या गृहस्थांना कर्लिंगचं वेड लागलं, आणि दगड कुठून आणायचे तर बिअरच्या छोट्या पिंपांत सिमेंट भरून दगड केले! (आपण नाही का टायर नि फळकुटं जमवून काय काय करायचो, तसंच.) पुढे 1988 मध्ये त्या एवढ्याशा गावात खास कर्लिंगसाठी इनडोअर हॉल बांधला गेला, जपानमधला तसला पहिलाच. मारीला शाळकरी वयात या खेळात ओढलं ते ह्या ओगुरींनीच.

पोरगी 19 वर्षांची असताना 2006 ला तोरिनो ऑलिंपिक खेळली, मग 2010 ला व्हँकुव्हर. दोन्ही वेळा टीम आओमोरीकडून, म्हणजे गाव सोडून, समुद्र ओलांडून पलीकडे जाऊन. सातवा नंबर आणि आठवा नंबर. तेव्हा जपानी टीव्हीवाले तिच्या दिसण्याचंच कौतुक जास्त करायचे, ते जाऊ दे. व्हँकुव्हरहून आल्यावर त्याच वर्षी तिने काय केलं, नावाजलेली टीम सोडली आणि परत तोकोरोला येऊन स्वतःची टीम काढली, लोको सोलारे. लोको म्हणजे लोकल आणि तोकोरोची पोरं या दोन्हींची सरमिसळ, सोलारे म्हणजे सूर्याचं. पैसे कोण देणार, तर ही स्वतः स्पॉन्सर शोधत फिरली. युमी सुझुकी आणि युरिका योशिदा पहिल्यापासून तिच्यासोबत. मग 2014 च्या सोचीला गेली दुसरीच टीम, त्यात राखीव होती चिनामी योशिदा, तिला नंतर त्या टीमने नको म्हटलं तेव्हा ती इकडे आली. 2015 ला सात्सुकी फुजिसावा आली, तीही कितामीचीच. तीही ऑलिंपिकची पात्रता हुकलेली. म्हणजे बघा, कुठून कुठून दुखावलेल्या पोरी माघारी गावात गोळा झाल्या.

आणि 2015 लाच मारीला मुलगा झाला. ती बाळंतपणात असताना फुजिसावा स्किप, म्हणजे कॅप्टन, झाली आणि टीम अशी काही चालायला लागली की 2016 ला कॅनडात वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सिल्व्हर, जपानला कर्लिंगमध्ये पहिल्यांदाच. आता मालकीणबाई परत आल्यावर काय करणार? टीम तिची, नाव तिचं, दोन ऑलिंपिक खेळलेली. खेळतात चौघी, ती पाचवी, राखीव म्हणून बसली.

ह्यावरच मला लिहायचंय. मीही बसलेय ना! जिल्ह्याच्या कबड्डी संघात दोन वर्षं होते, बाराजणींत, मैदानात सात. सगळ्यांच्या बांगड्या नि घड्याळं माझ्या रुमालात. जिंकलो की माझाही हात वर जायचा पण घरी गेल्यावर आई विचारायची तू किती गडी मारलेस, की गप्प बसायचं. त्यामुळे फोटोत कडेला उभी असलेली बाई मला आधी दिसते.

तुमच्या लेखात 'राखीव खेळाडू मॅच बघत असते' असं एक वाक्य आहे, ते तर अजिबातच पटलं नाही. कर्लिंगमध्ये दगड आपला घरचा नसतो, कॅरममध्ये कसा आपला आवडता स्ट्रायकर खिशात घालून नेतो तसं इथे नाही. बर्फाच्या त्या त्या पट्टीवरचे सोळा ग्रॅनाइटचे दगड ठरलेले, एका टीमला आठ, एकीला दोन, एकेक जवळजवळ वीस किलोचा. दिसायला सारखे, पण कुणी जरा पळतो, कुणी जास्त वळतो. मग दिवसाच्या मॅचेस उरकल्या की रात्री थोडा वेळ बर्फ मिळतो, तेव्हा बाकीच्या झोपायला जातात आणि पाचवी नि कोच जाऊन ते दगड टाकून बघतात, कुठल्या दोनाची जोडी जमते, कुणाच्या हातात कुठले द्यायचे. सकाळी स्किपच्या हातात ती माहिती तयार. टीव्हीवर हे काही दिसत नाही.

टीव्हीवर काय दिसलं, तर मध्यंतरात बसून स्ट्रॉबेऱ्या खाणाऱ्या पोरी, आणि माइकवर सारखं ऐकू येणारं 'सोदाने', म्हणजे होक्काइदोच्या बोलीतलं आपलं 'हो ना!'. तो शब्द 2018 चा जपानमधला गाजलेला शब्द ठरला, त्या खात होत्या तो कितामीचा चीजकेक दुकानातून गायब झाला. सेमीफायनल कोरियाशी जादा एन्डमध्ये, म्हणजे जादा डावात, 8-7 हरल्या. मग ब्राँझची मॅच ब्रिटनशी, शेवटचा दगड त्यांची स्किप इव्ह म्युअरहेडच्या हातात, तो गडबडला, 5-3. जपानचं कर्लिंगमधलं पहिलं ऑलिंपिक मेडल. ओगुरी आदल्याच वर्षी गेले, त्यांना बघायला मिळालं नाही हे.

गावात सत्कार झाला तेव्हा चिनामी म्हणाली की खरं सांगायचं तर ह्या गावात काहीच नाही, लहानपणी वाटायचं इथे राहून स्वप्न कसलं पुरं होणार, पण आता वाटतं इथे नसते तर झालंच नसतं. ते ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि मी काही तशी रडूबाई नाही.

पुढे बीजिंगला 2022 ला सिल्व्हर आलं तेव्हा पाचवी होती कोतोमी इशिझाकी, वय 43, व्हँकुव्हरला मारीबरोबर खेळलेली. म्हणजे स्वतःच्या खुर्चीवर बसवायला माणूससुद्धा कसं निवडलं बघा. त्या अर्ध्या पानात फुजिसावाचं बॉडीबिल्डिंगही आलं, येऊ दे, ती मजेशीर बाई आहे, पण त्यातल्या दोन ओळी कमी करून हे बसलं असतं.

तरी एक छोटी दुरुस्ती छापा, कोपऱ्यात चालेल: सात्सुकी फुजिसावा, चिनामी योशिदा, युमी सुझुकी, युरिका योशिदा आणि मारी मोतोहाशी.

आपली,
एक जुनी कबड्डीवाली, कऱ्हाड