लांब पल्ल्याच्या सरावात जिद्द कुठे लावायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि तिची तयारी करणारे बेळगावकर दिवाळीनंतर दर रविवारी पहाटे रस्त्यावर दिसू लागतात. काँग्रेस रोड, कॅम्प, हिंडलग्याची वाट, येळ्ळूरचा रस्ता, सगळीकडे कमरेला पाण्याची बाटली लावलेली माणसे भेटतात. काही वर्षांपूर्वी इतके लोक धावत नव्हते, त्यामुळे या बदलाचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या मंडळींच्या बोलण्यात, समाजमाध्यमांवरील छायाचित्रांखाली आणि सत्काराच्या भाषणांतही एकाच गोष्टीचे कौतुक ऐकू येते, ते म्हणजे कितीही त्रास झाला तरी अमका थांबला नाही. तीस किलोमीटरचा सराव जड गेला आणि तो कसाबसा पुरा केला, की आपण त्याला जिद्द म्हणतो. ही जिद्द नेमकी कुठे लावायची आणि कुठे आवरायची, याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

शहरातून येळ्ळूरमार्गे राजहंसगडावर जाऊन परत येणे हा इथल्या धावणाऱ्यांचा आवडता पल्ला आहे. सुरुवात कुठून केली त्यानुसार तो तीस किलोमीटरच्या आसपास भरतो. जाताना अंधार आणि गारवा असतो, वडगाव सुटले की दोन्ही बाजूंना भाताची शेते लागतात, सोबतीला गप्पा असतात आणि गडाचा चढही त्या उत्साहात निघून जातो. खरी परीक्षा परतताना येळ्ळूर ओलांडल्यावर सुरू होते. तोवर ऊन वर आलेले असते, कापणी झालेल्या शेतांमधून सावली सापडत नाही, कडेला पसरलेला पेंढा चुकवताना सारखी बाजू बदलावी लागते आणि जाताना सगळ्यांच्या पुढे असलेला गडीच मान खाली घालून पाय ओढत येताना दिसतो. पायातला जोरच गेला, असे तो सांगतो, आणि ते अक्षरशः खरे असते.

त्यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. सपाटीवर धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते, म्हणजे ६५ किलो वजनाच्या माणसाला ३० किलोमीटरसाठी १,९५० कॅलरींच्या आसपास लागतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या रूपाने ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवतात, म्हणजे १,६०० ते २,००० कॅलरी. चरबीतूनही ऊर्जा मिळत असतेच, परंतु वेग जितका वाढवावा तितका साखरेवरचा भार वाढत जातो. त्यामुळे पहिल्या दहा किलोमीटरमध्ये ज्याने घाई केली त्याची शिदोरी परतीच्या वाटेवर येळ्ळूरलाच संपते, आणि तिथून पुढे कितीही दात-ओठ खाल्ले तरी वेग परत येत नाही.

म्हणून माझ्या मते जिद्द लागते ती पहिल्या दहा किलोमीटरमध्ये. आपल्याहून कमी तयारीची माणसे पुढे निघून जात असताना, अंगात जोर असताना आणि घड्याळ खुणावत असताना स्वतःला रोखून धरणे हे शेवटच्या दहा किलोमीटरइतकेच कठीण आहे, पण त्याचे कौतुक कोणी करीत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, ही वेगाची सर्वांत सोपी कसोटी. शब्द तुटू लागले तर वेग जास्त आहे. खाण्याचेही तसेच आहे. पाऊण तास झाला की, भूक लागलेली असो वा नसो, थोडे खायला सुरुवात करावी आणि पुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा शर्करा पोटात जाईल असे पाहावे. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात, त्यामुळे धावपटूंसाठी मिळणाऱ्या महागड्या एनर्जी जेलशिवाय केळी, खजूर आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी यांवर हे सहज भागते. अनेक जण सगळे काही गडाच्या पायथ्याशी एकदम खातात आणि मग चढावर पोट दुखते म्हणतात.

एवढे सांभाळूनही एखादा रविवार वाईट जातोच. रात्री झोप झालेली नसते, आदल्या दिवशी लग्नात उभे राहून पाय दुखावलेले असतात, किंवा काही कारण नसतानाही विसाव्या किलोमीटरला सगळे नकोसे होते. हा कंटाळा, हा जडपणा, मांड्यांचा हा सर्वांगी ठणका यातून पुढे जाणे हाच लांब पल्ल्याचा हेतू आहे आणि तिथे माघार घेऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन. मात्र पुढे जाण्याची रीत वेगळी आहे. वेग मुद्दाम कमी करावा. घराचा विचार सोडून समोरच्या विजेच्या खांबापर्यंतचाच विचार करावा, आणि तो आला की पुढचा खांब धरावा. दहा मिनिटे धावून एक मिनिट चालावे, यात कमीपणा काहीच नाही, उलट हे चालणे ठरवून केले तर शेवटची गती टिकते. थकव्याचा मोठा भाग मेंदू ठरवतो, याचा एक सुंदर पुरावा अभ्यासकांना मिळालेला आहे. सुमारे तासभराच्या जोरकस श्रमात गोड पाणी नुसते तोंडात फिरवून थुंकले, पोटात काहीच गेले नाही, तरी कामगिरी सुधारल्याचे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा मन नको म्हणते म्हणजे शरीर संपले असे नसते, हे खरे आहे.

पण शरीर खरोखर नको म्हणते अशाही वेळा असतात आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. दुखणे बोटाने दाखवता येईल अशा एका जागी, विशेषतः नडगीच्या हाडावर किंवा पावलात असेल आणि प्रत्येक पावलागणिक वाढत असेल, चाल बदलून लंगडावे लागत असेल, छातीत दाब येत असेल, तर त्या ठिकाणी थांबावे. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, चिडचिडा झाला तर तो दमला आहे असे समजून त्याला धीर देत बसू नये. तो उष्माघात असू शकतो. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की एकेक मिनिट मोलाचे असते. अशा माणसाला सावलीत नेऊन, जवळच्या शेतात मोटार चालू असेल तर तिच्या पाण्याखाली बसवून आधी गार करावे आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. मुंबईत तर दमटपणामुळे घाम वाळत नाही. सुमारे अडीच हजार फूट उंचीवरच्या आपल्या कोरड्या थंडीत सराव केलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दोन सवयींबद्दल मला काळजी वाटते. पहिली म्हणजे धावण्यापूर्वी किंवा मध्येच वेदनाशामक गोळी घेणे. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडाला इजा करू शकतात, शिवाय थांबण्याची सूचना देणारी वेदनाच त्या दडपून टाकतात. अतिश्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायूंचे द्रव्य रक्तात उतरले असण्याची शक्यता असते, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे. दुसरी सवय म्हणजे भीतीपोटी सतत पाणी ढोसत राहणे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांतील १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण कमी आढळले, आणि धावताना वजन वाढण्याइतके पाणी पिणे याच्याशी त्याचा सर्वाधिक संबंध दिसला. तहान लागेल तसे प्यावे, त्यात मीठ असावे, एवढे बहुतेकांना पुरते.

हा विषय हौशी धावणाऱ्यांपुरता नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या या गावात, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या खेड्यांतही, अग्निवीर भरतीसाठी शेकडो मुले पहाटे धावतात. १,६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पार केले तर पूर्ण ६० गुण मिळतात, म्हणून त्यांच्याकडून रोज तेच अंतर जीव तोडून पळवून घेतले जाते. काही ठिकाणी मागे पडणाऱ्याला शिक्षा म्हणून आणखी फेऱ्या मारायला लावतात आणि मध्ये पाणी देत नाहीत, हे मी मैदानावर पाहिले आहे. यातून मुले खंबीर होत नाहीत, त्यांच्या नडग्या मात्र भरतीच्या आधीच जातात. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना रविवारी डोंगराळ रस्त्यावर २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर धाववत असत. त्यांचा पीटर स्नेल १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचा विजेता ठरला आणि त्याच दिवशी मरी हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्ण मिळवले. कमी अंतराच्या शर्यतीलाही सावकाश, लांब सरावाचा पाया लागतो, हे भरतीच्या मुलांना सांगणारे कोणीतरी हवे. आठवड्यातून एकदा दहा-बारा किलोमीटर बोलत बोलत धावणे त्यांच्या फार उपयोगाचे ठरेल.

बेळगावला या खेळाचा वारसा आहे, तो आपणच विसरत चाललो आहोत. इथले फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीची शर्यत नेहमीच्या ४२.१९५ किलोमीटरहून लांब, ४२.७५ किलोमीटरची होती आणि त्यांनी ती तीन तासांच्या आत पुरी केली. त्यांच्या गावातल्या मुलांना आज निदान शास्त्रशुद्ध माहिती तरी मिळावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

धावणाऱ्यांना माझी विनंती आहे की लांब पल्ल्याला एकट्याने जाऊ नये, खिशात फोन आणि थोडे पैसे ठेवावेत आणि अर्ध्यावर सोडावे लागले तर येळ्ळूरहून बसने परत यावे. कर्नाटकातील महिलांना तर शक्ती योजनेमुळे आधार कार्ड दाखवले की तिकिटाचे पैसेही लागत नाहीत. स्थानिक शर्यतींच्या संयोजकांनी रुग्णवाहिका आणि बर्फ व्यासपीठाजवळ न ठेवता मार्गाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात ठेवावे, कारण माणसे तिथे पडतात. आपल्या दैनिकाने रविवारच्या पुरवणीत शहरातील अस्थिरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि जाणकार प्रशिक्षक यांना या विषयासाठी सलग काही आठवडे जागा द्यावी. शक्य झाल्यास ही मालिका डिसेंबरच्या सुरुवातीलाच सुरू व्हावी, कारण मुंबईला जाणाऱ्यांचे सर्वांत मोठे पल्ले त्याच महिन्यात होतात आणि शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे सराव कमी करण्याचे असतात.

आपला,
एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव