मुक्तासाठी फोन आणू नका
ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बोलताना मुक्ता शेजारीच होती म्हणून हे लिहितेय. आजोबा इंदूरहून येताना मला स्मार्टफोन आणणारेत असं तिने अख्ख्या सोसायटीत सांगून टाकलंय. बाबा, प्लीज आणू नका, बारा वर्षांचीच होतेय ती.

जोनाथन हाइट म्हणून न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या स्टर्न बिझनेस स्कूलमधे प्रोफेसर आहेत, विषय सायकॉलॉजी. आधी बरीच वर्षं व्हर्जिनियाला शिकवत होते, 2011 पासून स्टर्नला. गंमत म्हणजे 1993 मधे संशोधनासाठी भुवनेश्वरला राहिलेले, तिथे बायका मुकाट वाढतायत आणि पुरुष आधी जेवतायत हे बघून चक्रावले आणि मग त्याच लोकांच्या प्रेमात पडले. (आई, तू फक्त चक्रावली असतीस!) तर आयुष्यभर नीती-अनीतीवर काम केलेला हा माणूस आता मुलांच्या मोबाईलमागे हात धुऊन लागलाय. 2024 मधे पुस्तक लिहिलं, की 2010 ते 2015 मधे मुलं मैदानातून स्क्रीनवर गेली आणि तेव्हापासून डिप्रेशन वाढलं, मुलींमधे जास्तच. चौदापर्यंत स्मार्टफोन नको, सोळापर्यंत सोशल मीडिया नको, शाळेत फोन बंद. साउथ ऑस्ट्रेलिया राज्याच्या प्रीमियरच्या (म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्याच्या) बायकोने ते वाचून नवऱ्यामागे लकडा लावला आणि शेवटी 10 डिसेंबर 2025 पासून ऑस्ट्रेलियात देशभर सोळाच्या आतल्यांना इन्स्टा वगैरे बंद!

सगळ्यांना पटत नाही हं हे, काही सायकॉलॉजिस्ट म्हणतात दोन गोष्टी एकदम वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. बरोबरे, पण ते भांडण मिटेपर्यंत मुक्ता कॉलेजात जाईल.

मला त्यांचं एक फार पटतं, की आपण मुलांना गेटबाहेर एकटं सोडत नाही आणि फोनवर मात्र कुठेही जाऊ देतो. इथे खाली बाकावर चार मुली बसतात, चौघींच्या माना खाली, मधेच एकजण स्क्रीन दाखवते की परत सगळ्या गप्प. मुलांना एकट्याने कामं करू द्या म्हणून 2017 मधे त्यांनी काही जणांबरोबर लेट ग्रो नावाची संस्थाच काढलीय. बाबा, तुम्ही मला रामबागेतून राजवाड्याला सायकलवर एकटीला पाठवायचात, आईचा विरोध पत्करून, तेच हे.

म्हणून सायकल घ्या तिला, इथे बडोद्यातच घेऊ. आणि क्लासवरून फोन करायला बटणांचा साधा डबा पुरे. लसणाची शेव मात्र आणा, आणि हे मी सांगितलं म्हणू नका, तुमचाच विचार बदलला म्हणा, तुमच्यावर ती फार वेळ रुसत नाही.

तुमची,
मीनू