पालक गांजा ओढतात, एवढ्यावरून मूल उचलता येत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शिंदे गावातला एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना २०२३ मध्ये उघड झाला, तेव्हापासून नाशिकमध्ये नशेवर पुष्कळ बोलले आणि छापले गेले. पण घरात लहान मूल आहे आणि आई किंवा वडील गांजा ओढतात, अशा घराचे काय करायचे, यावर फारसे कुणी बोलले नाही. शाळेत, पोलीस चौकीत, सोसायटीच्या बैठकीत एकच तोडगा ऐकू येतो: मूल बालगृहात टाका. कायदा असे म्हणत नाही. तो जे म्हणतो ते बहुतेकांना माहीत नसते, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम २(१४) मध्ये काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक कोण, हे सांगितले आहे. गांजा ओढणाऱ्याचे मूल असा प्रकार त्यात नाही. अशा घरांना लागू पडतील अशा बाबी मुख्यतः तीन. मूल ज्याच्याजवळ राहते त्याने त्याला इजा केली, छळले किंवा त्याची हेळसांड केली. पालक सांभाळ करायला अपात्र किंवा असमर्थ आहेत असे चौकशीत ठरले. किंवा मूल स्वतःच नशेत वा तस्करीत ओढले जाण्याची शक्यता आहे. अपात्र कोण हे बालकल्याण समिती ठरवते. पोलिसांचा पंचनामा किंवा मुख्याध्यापकांचे पत्र ही फक्त माहिती असते, निर्णय नव्हे. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि तिने महिन्यात किमान २० दिवस बसले पाहिजे.

एक घोळ इथेच सोडवून टाकू. नवरा-बायकोच्या भांडणात 'तो गांजा ओढतो' असा अर्ज घेऊन लोक समितीकडे जातात. मुलाचा ताबा कुणाकडे, हा वाद कुटुंब न्यायालयाचा आहे. तिथे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ प्रमाणे मुलाचे हित सर्वांत वर धरले जाते आणि व्यसनाचा पुरावा तिथेच मांडायचा असतो. दावा जिंकण्यासाठी समितीचा आदेश मिळवू पाहणे म्हणजे मुलाला उगाच पाच खुर्च्यांपुढे उभे करणे.

आता गुन्ह्याचा भाग. गांजा ओढणे गुन्हा आहेच. अमली पदार्थ कायद्याच्या (१९८५) कलम २७ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एक किलोपर्यंतचा साठा अल्प प्रमाणात मोडतो, त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पण बापावरचा खटला आणि मुलाची सुरक्षितता या दोन वेगळ्या फायली आहेत. पहिलीतली कलमे दुसरीत उतरवून भागत नाही. कॅलिफोर्नियातील अपील न्यायालयाने २०१२ मध्ये एका बापाच्या प्रकरणात हाच फरक केला होता: त्याचा वैद्यकीय गांजा तिथे कायदेशीर होता, आणि नुसत्या वापरावरून मूल धोक्यात आहे असे धरता येणार नाही, धोका दाखवावा लागेल, असे सांगून त्याच्याविरुद्धचा आदेश रद्द केला. आपल्याकडे गांजा बेकायदेशीर आहे, तरीही दुसऱ्या फायलीतला प्रश्न तोच राहतो: मुलाचे नेमके काय बिघडले?

प्रकरण फसते ते बहुधा सामाजिक तपास अहवालात, म्हणजे मुलाच्या घरची चौकशी करून समितीला दिल्या जाणाऱ्या अहवालात. तो पंधरा दिवसांत पूर्ण व्हावा आणि मूल पहिल्यांदा समितीपुढे आल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असे बाल न्याय कायद्याचे कलम ३६ सांगते. 'पालक गांजाच्या आहारी असून बालक असुरक्षित आहे' एवढ्या एका ओळीवर समितीने काय ठरवायचे? गृहभेट दोनदा तरी हवी, आणि त्यातली एक संध्याकाळी सातनंतर, कारण सकाळी अकरा वाजता सगळी घरे बरी दिसतात. अंगणवाडीतला वजनाचा तक्ता, लसीकरणाचे कार्ड आणि शाळेच्या हजेरीपटातले मागचे तीन महिने पाहावेत. वजन घसरले असेल किंवा सोमवारच्या गैरहजेऱ्या जास्त असतील तर ते आकड्यांसकट लिहावे. पालक नशेत असताना घरात शुद्धीवर असलेले दुसरे मोठे माणूस असते का? गांजा ठेवतात कुठे, डब्यात, उशीखाली की फडताळात, आणि मुलाचा हात तिथवर पोचतो का? पगारातले किती त्यात जाते, दुकानाची उधारी किती, घरात बाहेरची माणसे ओढायला बसतात का, मारहाण होते का? हे सगळे लिहिले तर अहवाल दोन पानांचा होतो, आणि त्यातूनच निर्णय निघतो.

मुलाशी बोलताना गणवेशातला पोलीस नको आणि आई-वडीलही समोर नकोत. 'तुझे बाबा गांजा ओढतात का?' हा प्रश्न विचारूच नये. मूल एक तर खोटे बोलते किंवा आपणच बापाला पकडून दिले असे धरून बसते. रात्री जेवायला कोण वाढते, दाराची कडी कोण लावते, धाकट्याला ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेले, यांची उत्तरे मुले सरळ देतात.

लघवीच्या तपासणीबद्दल फार गैरसमज आहेत. किट गांजाची नशा मोजत नाही, शरीराने तो मोडल्यावर उरलेला अंश शोधते. नेहमीची मर्यादा एका मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम. एखाद्या वेळी ओढणाऱ्यात तो अंश साधारण तीन दिवस सापडतो. रोज आणि भरपूर ओढणाऱ्यात महिनाभर, कधी त्याहूनही जास्त, कारण तो चरबीत साठून हळूहळू बाहेर पडतो. म्हणून पॉझिटिव्ह अहवालावरून त्या रात्री बाप शुद्धीवर होता की नव्हता हे कळत नाही. सोडून पंधरा दिवस झालेला माणूसही पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि त्याला खोटारडा ठरवले की तो उपचार सोडतो. उलट निगेटिव्ह अहवालाने मूल पोटभर जेवते हे सिद्ध होत नाही. किटवर पॉझिटिव्ह आले तर प्रयोगशाळेतून पक्की तपासणी करून घ्यावी, एकट्या किटवर कुणाचेही मूल हलवू नये.

याचा अर्थ गांजा निरुपद्रवी आहे असा नव्हे. दहा बाय दहाच्या खोलीत चिलीम पेटली की धूर मुलाच्याच छातीत जातो, आणि गांजा बहुधा तंबाखूत मळलेला असतो. नशेत गाढ झोपलेल्या माणसाच्या कुशीत तान्हे मूल झोपवणे जिवावर बेतू शकते. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधात गांजाचा अंश सहा दिवसांपर्यंत सापडलेला आहे. तिने गांजा थांबवावा आणि पाजण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे, शेजारणीच्या सांगण्यावरून दूध तोडू नये.

सर्वांत दुर्लक्षित धोका खाण्यातला. भांगेची पाने कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे भांगेची गोळी, थंडाई, वडी यांकडे महाशिवरात्र-होळीला कुणी धोका म्हणून पाहत नाही. मुलाने ती खाल्ली तर अर्ध्या तासापासून काही तासांत सुस्ती, झोकांड्या, उलट्या, जलद नाडी दिसते. जास्त गेली तर श्वास मंदावतो आणि मूल बेशुद्ध पडते. यावर उतारा नाही. मीठपाणी पाजून उलटी काढू नये. मुलाला कुशीवर ठेवून लगेच जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि काय खाल्ले ते खरे सांगावे. पोलिसांच्या भीतीने 'काहीतरी विषारी खाल्ले' एवढेच सांगितले, की नको त्या तपासण्यांत वेळ जातो.

हेळसांड सिद्ध झाली तरी पहिली पायरी बालगृह नाही. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे. कलम ३७ खाली समिती मूल देखरेखीच्या अटीवर पालकांकडेच ठेवू शकते, आजी-मामासारख्या माणसाला योग्य व्यक्ती ठरवून काही काळ त्यांच्याकडे देऊ शकते, प्रायोजकत्वाची, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी पैशाची, मदत देऊ शकते. देखरेखीचा आदेश मोघम असला तर तो कागदावरच राहतो. पहिले दोन महिने आठवड्याला एक गृहभेट, मुलाच्या झोपण्याच्या खोलीत ओढणे बंद, रात्री घरात एक शुद्धीवरचे मोठे माणूस आणि त्याचे नाव, शाळेची हजेरी दर महिन्याला, समुपदेशनाच्या तारखा, असे त्यात स्पष्ट हवे. गांजा सोडताना चिडचिड, झोप उडणे, भूक मरणे हे पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते आणि बहुतेकांचे दोनेक आठवड्यांत ओसरते. तेवढे दिवस मूल आजीकडे असले तर बरे. गांजावर मान्यताप्राप्त असे खास औषध नाही. समुपदेशन आणि पाठपुरावा हाच उपचार. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर सुरुवात करता येते.

उपचाराला जायला माणूस घाबरतो तो गुन्ह्याच्या भीतीने. अमली पदार्थ कायद्याचे कलम ६४अ हे वकिलांनाही सांगावे लागते: सेवन किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या आरोपासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते.

पैशाचा मुद्दा टाळून चालत नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून प्रायोजकत्व म्हणून मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात; उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. राज्याच्या बालसंगोपन योजनेत २,२५० रुपये आहेत. प्रायोजकत्वाबद्दलच्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४५ मधल्या निकषांत पालकाचे व्यसन नाही, पण नवऱ्याने टाकलेली किंवा घटस्फोटित आई आहे. म्हणून अर्जात 'नवरा गांजा ओढतो' लिहून थांबू नये. तो घर सोडून गेला असेल, तर ते पुराव्यासह लिहावे.

घरात पुड्या बांधल्या जात असतील, तर वरचे बरेचसे बदलते. मुलाला पुडी पोचवायला पाठवणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली आणि मुलाला नशा देणे हा कलम ७७ खाली गुन्हा आहे. दोन्हींना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. अशा छाप्यात आई-वडील दोघेही अटकेत जातात आणि मूल शेजाऱ्यांकडे सोडले जाते, हे चुकीचे आहे. सांभाळणारे कुणीच उरले नसेल तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत ते समितीपुढे आणावे लागते. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असतो, छाप्याच्या वेळीच त्याला सोबत घ्यावे. आई तुरुंगात गेली तर सहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्याजवळ राहू शकते.

आपल्या जिल्ह्याची म्हणून एक अडचण आहे. पेठ-सुरगाण्याची कुटुंबे छाटणीला आणि काढणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येतात. अहवालात मळ्याचा पत्ता पडतो, हंगाम संपतो, आणि पुढच्या तारखेला कुटुंब तिथे नसते. मग 'पालक गैरहजर' असा शेरा बसतो आणि पालकांना रस नाही असे गृहीत धरले जाते. गावाकडचा पत्ता, अंगणवाडी सेविकेचे नाव आणि मुकादमाचा फोन पहिल्याच दिवशी लिहून घेतला तर हे टळते. जाताजाता, दारूने रोज कोलमडणाऱ्या घरांबद्दल हीच शाळा आणि हीच चौकी 'घरगुती मामला' म्हणते. मुलाच्या बाजूने पाहिले तर हा भेद समजत नाही.

आपल्या वृत्तपत्र व्यवसायाविषयीही थोडे. याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहरा पुसट केला आणि गल्ली, शाळा, बापाचे आडनाव छापले, तर सिडकोतल्या एखाद्या चौकात कुणाला ओळखायचे राहते?

एखादे मूल धोक्यात आहे असे कळवायचे असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. 'ते गंजेडी आहेत' यापेक्षा 'चार वर्षांची मुलगी मंगळवारी आणि गुरुवारी रात्री दहानंतर एकटी रस्त्यावर होती' असे सांगितले तर लवकर हालचाल होते. आदेश पटला नाही तर पालकांना ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. प्रायोजकत्व आणि प्रतिपालनाच्या (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देण्याच्या) आदेशांवर मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यासाठी आदेशाची प्रत त्याच दिवशी लेखी मागून घ्यावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, फोन १५१००. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आपले,
बालहक्क क्षेत्रात काम करणारे काही कार्यकर्ते व वकील, नाशिक