कॉम्प्युटर आपला विषय नाही म्हणतेस, तर हे वाच

चि. सायली,

परवा फोनवर म्हणालीस की बाबा मी केमिस्ट्रीची, कॉम्प्युटरचं काम ते बीसीएसवाल्यांचं, आणि तसंही दहावीच्या सुट्टीत माझं एमएस-सीआयटी झालंय. तेव्हा मागे तुझ्या रूममेट बोलत होत्या म्हणून मी विषय वाढवला नाही, पण ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. जरा लांबेल, दोन हप्त्यांत वाच हवं तर, फक्त वाचून झाल्यावर नुसता अंगठा पाठवू नकोस.

एमएस-सीआयटीला मी नावं ठेवत नाही, 2001 पासून खेड्यापाड्यातल्या पोरापोरींनी त्याच्या जोरावर पहिल्यांदा माऊस हातात धरलाय. पण तिथे फाईल सेव्ह कशी करायची, टेबलला रंग कसा द्यायचा एवढंच होतं. रीडिंग हातात आल्यावर पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही, आणि बीएस्सीवाल्याचं काम तर तिथूनच चालू होतं ना.

आमच्या साखर कारखान्याच्या लॅबचंच बघ. गळीत हंगामात दिवसरात्र रसाचे सॅम्पल येत असतात, ब्रिक्स काढायचा, म्हणजे रसात एकूण किती टक्के विरघळलंय ते, पोलरीमीटरवर पोल काढायचा, म्हणजे त्यात साखर किती टक्के ते, पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर की झाली प्युरिटी. ब्रिक्स 19 आणि पोल 16 असला तर 84.2. आता रात्रपाळीत डोळ्यावर झोप असताना कोणी 16 च्या जागी 61 टाकलं तर एक्सेल काय करणार? काही बोलणार नाही, निमूट 321 प्युरिटी काढून देणार. रसात जेवढं काही विरघळलंय त्याच्यापेक्षा एकटी साखरच जास्त कशी असेल हे त्याला कुठून कळणार, त्याला केमिस्ट्री यावी लागते. म्हणून मी शीटमधे अट घालून ठेवलीय, पोल ब्रिक्सच्या वर गेला की सेल लाल. कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात त्याला, बीसीएसचा पोरगा दोन मिनिटात लावून देईल, पण काय लाल करायचं हे त्याला कोण सांगणार? तूच ना. म्हणून म्हणतो हे तुझं काम आहे.

आणि एक, एक्सेल स्वतःचं डोकं पण चालवतं, नको तिथे. सॅम्पलला 3-5 नंबर दिलास की ते त्याची तारीख करून टाकतं. हसू नकोस, जेनेटिक्सवाल्यांना यानेच रडवलंय. सेप्ट2, मार्च1 अशी जीन्सची नावं होती, एक्सेल त्यांना सप्टेंबर आणि मार्चच्या तारखा समजायचं. 2016 मधे तपासलं तर ज्या रिसर्च पेपरांसोबत एक्सेलमधे जीन्सच्या याद्या जोडल्या होत्या त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्यात ही चूक निघाली. शेवटी 2020 मधे जीन्सची नावंच बदलली, सेप्ट2 चं सेप्टिन2, मार्च1 चं मार्चएफ1. तू आपली टाईप करायच्या आधी तो कॉलम सिलेक्ट करून टेक्स्ट फॉरमॅट करत जा. त्याच वर्षी इंग्लंडमधे कोविडचे 15,841 पेशंट रिपोर्टमधे यायचे राहिले, कारण जुन्या एक्सेल फाईलमधे 65,536 च्या पुढे ओळीच बसत नाहीत. त्याच्या पुढचं कापलं गेलं ते लगेच कोणाच्या लक्षात पण आलं नाही.

आता तुझं टायट्रेशन, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून किती मिली लागलं ते मोजायचं. ब्युरेटचं रीडिंग 9.8, 9.8, 9.8 आणि सरांची सही. सायली, मी पण बीएस्सी केलंय, हे 9.8 कसे येतात ते मला माहितीय, पहिलं नीट येतं आणि बाकीचे दोन लिहिले जातात. तुमच्याकडे जर्नल उतरवून काढायची पद्धत अजून तशीच आहे हे तुझ्या बोलण्यावरून कळलं, त्याला तू एकटी काय करणार. पण तुझ्या स्वतःच्या फाईलमधे तरी जे आलं तेच लिही, 9.7 आलं तर 9.7, 10.1 आलं तर 10.1 आणि बाजूला शेरा की एंड पॉईंटला, म्हणजे रंग बदलतो तिथे, गुलाबी रंग जास्त गडद झाला. कच्ची रीडिंग एका शीटवर ठेवायची आणि तिथे परत हात लावायचा नाही, हिशोब सगळा दुसऱ्या शीटवर. कॉलमच्या नावात युनिट लिहायचंच. आणि सरासरी 9.83333333 आली म्हणून ती तशीच उतरवू नको गं, ब्युरेटचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात छोटं माप, 0.1 असताना ते पुढचे तीन आले कुठून?

ग्राफ आधी काढ, मग आकडे. अॅन्सकोम्ब नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने 1973 मधे चार छोटे डेटासेट दिलेत, चारींमधे एक्सची सरासरी 9, वायची 7.5, त्यातून बसवलेली लाईन पण एकच, 3 अधिक 0.5 एक्स. आणि ग्राफ काढला तर एक सरळ, एक चक्क कमान, एकात एकच पॉईंट बाहेर पळालाय, चौथ्यात तर एक पॉईंट सोडला तर बाकी सगळे एकावर एक उभे. अकरा अकराच आकडे आहेत, स्वतः टाईप करून बघ. कलरीमीटरच्या प्रॅक्टिकलला बीअर-लॅम्बर्टची लाईन, म्हणजे काँसंट्रेशन वाढेल तसा शोषला जाणारा प्रकाश किती वाढतो त्याची, काढताना हे लक्षात ठेव, जास्त काँसंट्रेशनला लाईन वाकते आणि तुम्ही पोरं फूटपट्टीने दाबून सरळ करता.

पायथनला घाबरू नको, प्रोग्रॅम लिहायची भाषाच आहे ती. नवा लॅपटॉप लागणार नाही, पायथन लिहायचं गूगल कोलॅब ब्राउझरमधेच चालतं, हॉस्टेलचं वायफाय चाललं की झालं. पहिले काही दिवस नुसते एरर येतील, लाल लाल, ते शेवटच्या ओळीपासून वाचायचे, कारण बहुतेक तिथेच असतं. इंग्लिशमधले व्हिडिओ जड गेले तर आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल बघ, मराठीत पण आहेत, फुकट आहेत, एक्सेलसारखं फुकट मिळणारं लिब्रेऑफिस त्यातूनच शिक. आपल्या गावातल्या कोचिंगवाल्याला सहा हजार द्यायची गरज नाही, तो काय शिकवतो ते मी बघून आलोय.

रिसर्च पेपर वाचायचे म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नाही. अॅबस्ट्रॅक्ट म्हणजे सुरुवातीचा सारांश, मग आकृत्या आणि त्याखालची वाक्यं, मग निष्कर्ष, आणि कामाचा वाटला तरच मेथड. लायब्ररीत एन-लिस्टचा, म्हणजे कॉलेजांना जर्नल आणि पुस्तकं ऑनलाईन वाचायला देणाऱ्या योजनेचा, लॉगिन मिळतो का विचार, बऱ्याच कॉलेजात असतो आणि कोणी मागतच नाही म्हणून पडून राहतो. वाचलेलं झोटेरो नावाच्या रेफरन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधे टाकत जा, फुकट आहे, नाहीतर प्रोजेक्टच्या वेळी रेफरन्स शोधत रात्र जाईल.

चॅटजीपीटी वापरतेस ते माहितीय, वापर, कोडमधला एरर समजून घ्यायला बरंय. पण त्याने दिलेला रेफरन्स उघडून बघितल्याशिवाय लिहायचा नाही, नसलेले पेपर पण तो वर्षासकट सांगतो. आणि निरीक्षणं त्याच्याकडून लिहून घेतलीस तर मग प्रॅक्टिकलला जाऊन ॲसिड सांडून हात भाजायचे कशाला?

बरं, आता काम. पुढच्या प्रॅक्टिकलची फाईल मला पाठव, कसलं का असेना. मोबाईलवर ग्राफ धड दिसत नाहीत म्हणून पीडीएफ पण जोड. या आठवड्यात मला रात्रपाळी आहे, पहाटे जरा निवांत असतं तेव्हा बघून ठेवतो आणि काय शंका असेल ते तिथेच शीटमधे कॉमेंट टाकतो, तू पण तिथेच उत्तर दे. आणि आई विचारतीय चकलीचं पीठ पाठवायचं का तयार चकली.

बाबा